मेजर टॉमस कँडी आणि माफीचे शब्द

निबंध लिहिताना वाक्य संपले की तुम्ही पूर्णविराम देता, मध्ये थोडे थांबावयाचे असले की स्वल्पविराम देता, आणि प्रश्न असला की प्रश्नचिन्ह काढता. ही चिन्हे आता इतकी अंगवळणी पडली आहेत की ती मराठीत मुळापासूनच होती असे कोणासही वाटावे. वस्तुतः जुन्या मोडी कागदांत ती नाहीत. इंग्रजी लेखनातील ही पद्धती मराठीत रुजविण्याचे श्रेय ज्या गृहस्थांस मुख्यत्वे दिले जाते, ते मेजर टॉमस कँडी होत. परंतु त्यांची याहूनही मोठी कामगिरी म्हणजे इंग्रजी शब्दांस मराठी प्रतिशब्द देणारा प्रचंड कोश. ह्या लेखात त्यांचे चरित्र सांगावयाचे आहे. आणि चरित्र सांगता सांगता त्या कोशाच्या विस्तीर्ण अरण्यातील शब्दांच्या एकाच वाटेने आपण जाणार आहोत. ही वाट म्हणजे सूट, माफी आणि मोकळीक यांची. कोणते ओझे कोणाच्या शिरावरून कोणी उतरविले, हे इंग्रजी भाषा कसे सांगते आणि मराठीत ते कसे सांगावे, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. पण त्यावर माणसांच्या जमिनी गेल्या आहेत आणि राहिल्याही आहेत.

टॉमस कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडातील ईस्ट नॉइल ह्या गावी झाला. त्यांस जॉर्ज नावाचा जुळा भाऊ होता. हे दोघे बंधू १८२२ साली, म्हणजे वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, हिंदुस्थानात आले आणि कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातील सैन्यात दाखल झाले. पेशवाई १८१८ साली संपली होती. नव्या सरकारच्या हाती मुलूख आला होता. परंतु मुलुखाचे कागद मोडीत, आणि त्यांतील भाषा मराठी. गावोगावचे पाटील, कुलकर्णी, देशमुख व इनामदार आपापली दप्तरे घेऊन येत. त्या दप्तरांत इनाम, वतन, दुमाला, जुडी, कौल, सनद, वेठ असे शब्द पानोपानी असत. ज्यास ते शब्द कळत नाहीत, त्याने न्याय तरी काय द्यावा आणि सारा तरी काय घ्यावा? म्हणून मराठीचा कोश करविणे सरकारास अगत्याचे वाटू लागले.

ह्या कामाचे धुरीण होते जेम्स टॉमस मोल्सवर्थ. त्यांच्या हाताखाली दोघे कँडी बंधू आले. पुण्या-मुंबईकडील विद्वान शास्त्र्यांनी मराठी शब्दांचा अर्थ मराठीत सांगणारा कोश सिद्ध केला आणि तो १८२९ मध्ये छापून निघाला. त्यानंतर १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर साहाय्यक म्हणून टॉमस व जॉर्ज ह्या दोन्ही लेफ्टनंट कँडींची नावे आहेत. जॉर्ज पुढे धर्मोपदेशक झाले. टॉमस मात्र मराठीशी कायमचे जडले. सैनिक म्हणून आलेला तरुण शब्दांच्या चाकरीस लागला, आणि ती चाकरी जन्मभर सुटली नाही.

मराठी शब्दांचा अर्थ इंग्रजीत सांगणे हे एक काम. इंग्रजी शब्दास मराठी शब्द शोधणे हे त्याहून बिकट. मोल्सवर्थ यांनी तेही आरंभिले, परंतु प्रकृती साथ देईना म्हणून ते १८३६ मध्ये विलायतेस परतले. अर्धे राहिलेले काम कँडी यांच्याकडे आले. त्यांनी ते नेटाने चालविले आणि १८४७ मध्ये इंग्रजी-मराठी कोश पुरा करून छापविला. एका माणसाने आरंभिलेले व दुसऱ्याने तडीस नेलेले हे काम, आणि मुखपृष्ठावर दोघांचाही वाटा स्पष्ट नोंदलेला. श्रेयाच्या बाबतीत इतका चोख व्यवहार सर्वत्र आढळत नाही.

आता आपल्या वाटेकडे वळू. कोशकाराच्या मेजावर 'फ्री' हा शब्द आला आहे अशी कल्पना करा. इंग्रजीत हा एकच शब्द, पण त्याची कामे किती! पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी 'फ्री', परक्या सत्तेखाली नसलेला देश 'फ्री', पैसे न घेता दिलेले औषध 'फ्री', आणि रिकामा वेळ तोही 'फ्री'. मराठी माणूस ह्या चार गोष्टी एका शब्दाने कधीच सांगणार नाही. पक्षी मोकळा, देश स्वतंत्र, औषध मोफत किंवा फुकट, वेळ रिकामा. त्यातही मोफत आणि फुकट यांत फरक आहे. धर्मार्थ दवाखान्यात औषध मोफत मिळते, पण श्रम फुकट जातात. शिवाय पुढे येणाऱ्या लहानशा अव्ययानेही इंग्रजीत अर्थ वळतो. 'फ्री ऑफ चार्ज' म्हणजे दाम न घेता. 'फ्री फ्रॉम' असे म्हटले की रोग, भीती, दोष अशा नकोशा गोष्टीपासून सुटका. आणि तोच शब्द दुसऱ्या शब्दाच्या शेपटीस जोडला की 'टॅक्स-फ्री', 'ड्यूटी-फ्री' असे सामासिक शब्द तयार होतात. मराठीत त्यांस करमुक्त व शुल्कमुक्त असे शब्द आहेत. येथे संस्कृताचा 'मुक्त' आपल्या मदतीस येतो. जो शब्द मोक्षाशी नाते सांगतो, तोच जकातीच्या पावतीवरही उभा राहतो.

नियमातून सूट मिळाली हे सांगणारा इंग्रजीतील खास शब्द 'एक्झेम्प्ट'. तो लॅटिनमधून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ बाहेर काढून घेतलेला. चाळणीतून धान्य चालले असता त्यातील मूठभर कोणी उचलून बाजूस ठेवावे, तसा हा शब्द आहे. नियम सर्वांस आहे, तो चालूच आहे; फक्त अमुक माणसास किंवा अमुक वस्तूस त्यातून बाहेर काढले आहे. 'इम्यून' हा त्याचा भाऊ, पण वेगळ्या स्वभावाचा. लॅटिनमध्ये 'म्यूनस' म्हणजे नगरीचे देणे, तिची वाटून आलेली सेवा. ज्याच्यावर अशी सेवा नाही तो 'इम्यून'. पुढे ह्या शब्दाचा अर्थ, ज्याला हात लावता येत नाही असा झाला. परदेशच्या वकिलास येथील न्यायालयात खेचता येत नाही, त्याला 'इम्यूनिटी' आहे असे म्हणतात. रोग बाधत नाही ह्या अर्थी वैद्यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उचलला, आणि आज लस टोचून घेताना आपण ज्या प्रतिकारशक्तीविषयी ऐकतो, तिचे इंग्रजी नाव करमाफीच्या कुळातले आहे. 'प्रिव्हिलेज' म्हणजे मुळात एकट्यादुकट्यासाठी केलेला कायदा. 'एक्सक्यूज' म्हणजे आरोपातून बाहेर काढणे. 'वेव्ह' म्हणजे आपला हक्क आपणच सोडून देणे. सावकाराने व्याजावर पाणी सोडले तर हा शब्द लागू पडतो.

कित्येकदा इंग्रजी शब्द विद्यार्थ्यांस चकवितात. 'स्कॉट-फ्री' असा एक शब्दप्रयोग आहे. त्यातील स्कॉट म्हणजे स्कॉटलंडचा रहिवासी असे बहुतेकांस वाटते. पण ते खरे नव्हे. 'स्कॉट' हा करपट्टीचा जुना शब्द आहे. ज्याने पट्टी भरली नाही तो 'स्कॉट-फ्री'. आणि पुढे अपराध करूनही जो शिक्षेवाचून सुटला, त्यालाही तेच विशेषण लागले. करातून सुटणे आणि शिक्षेतून सुटणे यांस इंग्रजीने येथे एकाच दावणीस बांधले आहे. मराठीतील 'माफ' ह्या शब्दाचीही तीच तऱ्हा नाही काय? सारा माफ होतो, फी माफ होते, आणि गुन्हाही माफ होतो. फी माफ झालेल्या मुलाने काही गुन्हा केलेला नसतो. तरी शब्द एकच. म्हणूनच अशा ठिकाणी कोशकारास एक शब्द देऊन भागत नाही, उदाहरणे देऊन अर्थाची सीमा आखावी लागते.

इंग्रजांच्या इतिहासातील एक विलक्षण सूट येथे सांगण्याजोगी आहे. मध्ययुगात इंग्लंडातील धर्मोपदेशकांवर राजाच्या न्यायालयात खटला पुरा चालत नसे; त्यांस धर्मसभेच्या न्यायालयाकडे सोपवीत. पण धर्मोपदेशक कोण हे ओळखावे कसे? त्या काळी वाचता येणारे लोक बहुधा धर्मोपदेशकच असत. म्हणून वाचता येणे हीच त्याची खूण ठरली. पुढे पुढे ज्याला ग्रंथातील ठरावीक भाग वाचून दाखविता येई, त्या सामान्य माणसाचाही पहिल्या गुन्ह्यात फास चुके. ही सवलत इंग्लंडात १८२७ मध्ये कायद्याने रद्द झाली, त्या वेळी कँडी बंधू हिंदुस्थानातच होते. अक्षरओळखीने जीव वाचत असे हे वाचून तुम्हांस हसू येईल. पण अक्षरओळख नसल्याने माणसांचे काय काय गेले, ते पुढे पाहू.

ज्या वर्षांत कँडी पुण्यात शिक्षणाचे काम पाहत होते, त्याच वर्षांत मुंबई इलाख्यात इनामांची मोठी चौकशी चालली होती. १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला जोर आला आणि तिला इनाम कमिशन हे नाव पडले. ज्या जमिनीचा सारा पूर्वीच्या राजांनी माफ केला होता, त्या जमिनीच्या धारकाने आपला हक्क सिद्ध करावयाचा, अशी ही चौकशी. येथे शब्दांचा खेळ पाहण्यासारखा आहे. धारकाच्या दृष्टीने ती जमीन इनाम, म्हणजे बक्षीस. सरकारी इंग्रजीत मात्र तिला 'एलिएनेटेड' म्हणत, म्हणजे परक्याच्या हाती गेलेली. मराठी दप्तरात तिला दुमाला असा शब्द होता. एकच जमीन, खालून पाहिले तर मोकळी, वरून पाहिले तर निसटलेली. ज्यांच्याजवळ सनदा होत्या, त्या टिकल्या. ज्यांचे कागद वाळवीने खाल्ले, पुरात गेले, किंवा ज्यांना आपल्या कागदात काय लिहिले आहे हेच ठाऊक नव्हते, अशा अनेकांच्या माफीवर गदा आली. १८५७ च्या सुमारास दक्षिणेत जो असंतोष होता, त्याच्या कारणांत ह्या चौकशीची गणना इतिहासकार करितात. शेवटी १८६३ मध्ये दोन कायदे होऊन हे प्रकरण तडजोडीने मिटविण्यात आले. धारकाने थोडी ठरावीक रक्कम द्यावी आणि हक्क पक्का करून घ्यावा. अशा थोड्या रकमेस इंग्रजीत 'क्विट-रेंट' म्हणतात. 'क्विट' म्हणजे सुटलेला. हे थोडेसे दिले की बाकीच्या सर्व देण्यातून माणूस सुटला. आपल्याकडचा जुना शब्द जुडी. दोन भाषांनी, दोन देशांत, एकाच व्यवहारास आपापले नाव दिले होते. कोशकाराने त्यांची गाठ घालून द्यावयाची.

शेतकरी पालकांस आणखी एक भेद अनुभवाने ठाऊक असतो. पीक बुडाले की सरकार सारा तहकूब करिते, किंवा माफ करिते. तहकूब म्हणजे आज नको, पुढे दे. माफ म्हणजे मुळीच नको. इंग्रजीत पहिल्यास 'सस्पेन्शन' व दुसऱ्यास 'रेमिशन' म्हणतात. हे दोन शब्द ज्याने एक समजले, त्याच्या दारी पुढील वर्षी दुप्पट मागणी उभी राहते. वसुली न झाली म्हणजे माफी झाली, असे धरून चालणे किती महागात पडते हे सांगावयास नको.

कँडी यांच्या जीवनाकडे पुन्हा येऊ. १८२१ मध्ये पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली होती. १८३७ च्या सुमारास कँडी तिचे प्रमुख झाले. १८५१ मध्ये ती पाठशाळा व इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज झाले, त्याचीही धुरा त्यांच्याकडे आली. ह्याच संस्थेचे पुढे डेक्कन कॉलेज झाले. नंतर सरकारचे मराठी भाषांतरकार म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. शाळांसाठी निघणारी मराठी पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात. क्रमिक पुस्तकांची मालिका त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली आणि मराठी मुलखातील एका पिढीने त्यांवर वाचनाचे धडे घेतले.

विरामचिन्हांचा त्यांचा आग्रह ह्याच कामातून आला. त्यावर त्यांनी १८५० मध्ये एक लहान पुस्तकही लिहिले. ही चिन्हे केवळ शोभेची नव्हेत. सवलतीच्या वाक्यात तर ती पैशाइतकी मोलाची आहेत. समजा, एखाद्या शाळेने असा नियम केला की, ज्यांचे वडील हयात नाहीत अशा मुलांस व मुलींस फी माफ. ह्यात सर्व मुलींस माफी आहे, की केवळ पितृहीन मुलींस? वाक्य काही बोलत नाही. आता 'मुलांस' ह्या शब्दापुढे एक स्वल्पविराम द्या. लगेच मुलींचा वर्ग वेगळा पडतो आणि सर्वच मुली सुटतात असा अर्थ पुढे येतो. शाईच्या एका लहान फराट्याने शंभर घरांचा खर्च वाचतो किंवा वाढतो. कायद्याची इंग्रजी वाक्ये तर अशा अटींनी व अपवादांनी भरलेली असतात. 'एक्सेप्ट', 'अनलेस', 'प्रोव्हायडेड दॅट' हे शब्द आले की वाचकाने पाऊल जपून टाकावे. मराठीत त्या जागी खेरीजकरून, नसेल तर, परंतु असे की, हे शब्द येतात, आणि खरी सूट बहुधा त्यांच्याच मागे दडलेली असते.

इंग्रजी व्याकरणातील एक जोडी येथे प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी. 'मस्ट' म्हणजे केलेच पाहिजे. त्याचा नकार करावयाचा म्हणून 'मस्ट नॉट' असे लिहिले की अर्थ होतो, करूच नये. ही मनाई झाली. सूट सांगावयाची असेल तर 'नीड नॉट' लिहावे लागते. म्हणजे करण्याची गरज नाही, केले तरी चालेल. मराठीत 'भरू नये' आणि 'भरावे लागत नाही' यांत जे अंतर, तेच येथे आहे. परीक्षेत ही चूक झाली तर एक गुण जातो. पण अर्जात किंवा हुकुमात झाली तर मोकळीक ही बंदी होऊन बसते. जो कर देण्यास बांधलेला नाही त्याला इंग्रजी 'नॉट लाएबल' म्हणते, आणि ज्याच्यावर नियमाची सत्ताच चालत नाही त्याला 'नॉट सब्जेक्ट टू' असे म्हणते. पहिल्यात ओझे उतरलेले आहे. दुसऱ्यात ओझे घालणारा हातच पोहोचत नाही.

थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याचे दोष झाकू नयेत. कँडी यांच्या हाती मराठी पुस्तकांची मान्यता होती, आणि ती सत्ता त्यांनी कठोरपणे चालविली. मराठीचे एक ठरीव, शुद्ध रूप त्यांच्या मनात होते व त्याच साच्यात सर्वांनी लिहावे असा त्यांचा कटाक्ष असे. पुढच्या पिढीतील मराठी लेखकांनी यावर टीका केली. परकीय गृहस्थाने आमच्या भाषेस शिस्त लावावी, तिच्या वाक्यांस इंग्रजी वळण यावे, आणि गावरान, जिवंत बोली पुस्तकांबाहेर राहावी, हे त्यांस रुचले नाही. ह्या टीकेत तथ्य आहे. मोकळिकीच्या शब्दांची इतकी बारीक पारख करणाऱ्या माणसाने लिहिणाऱ्यांस मोकळीक थोडीच दिली, असे म्हणावे लागते. तथापि त्यांनी स्वतःस कष्टातून कधी सूट घेतली नाही, हेही तितकेच खरे. कोश एकदा छापून झाला म्हणून ते थांबले नाहीत. १८७३ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांच्या इंग्रजी-मराठी कोशाची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली.

ह्या दुसऱ्या आवृत्तीनंतर एकाच वर्षाने, १८७४ मध्ये, एक कायदा झाला आणि त्याने ह्या शब्दांची गाठ आपल्या सातपुड्याशी घातली. त्याचे नाव अनुसूचित जिल्ह्यांचा कायदा. देशाच्या ज्या भागांत साधारण कायदे सरसकट लागू करावयाचे नव्हते, त्यांची यादी त्यास जोडलेली होती. त्या यादीत खानदेशातील मेवासी प्रमुखांची गावे होती: काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली आणि नवलपूर येथील पाडवी, वळवी व वसावे यांची. पुढे १९३५ च्या कायद्यान्वये १९३६ मध्ये जो हुकूम निघाला, त्यात मेवासी गावांबरोबर शहादा, नंदुरबार व तळोदा हे तालुके, नवापूर पेटा आणि अक्राणी महाल, म्हणजे आपला धडगावचा मुलूख, यांचीही नावे आली. तेथे वापरलेला इंग्रजी शब्द मात्र 'एक्झेम्प्ट' नव्हता. तो होता 'पार्शली एक्सक्लूडेड', म्हणजे अंशतः वगळलेला प्रदेश.

हा भेद नीट ध्यानात घ्या. सूट मिळणे आणि वगळले जाणे, दोन्हींत माणूस नियमाच्या बाहेरच येतो. पण पंगतीत ज्याला वाढण्याच्या कामातून सोडले तो, आणि ज्याला पंगतीलाच बोलावले नाही तो, ह्या दोघांची स्थिती एक नव्हे. डोंगरातील लोकांस मैदानातील सावकारी व कोर्टकचेरी यांपासून जपावे, हा एक हेतू सांगितला जाई. परंतु जपता जपता विधिमंडळाच्या कारभारापासून हा मुलूख दूर ठेवला गेला. तेथे असा नियम होता की, गव्हर्नराने जाहीर केल्यावाचून विधिमंडळाचा कायदा लागू व्हावयाचा नाही. १९५० मध्ये भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या पाचव्या अनुसूचीने हा क्रम उलटा केला. आता कायदे इतरांप्रमाणे लागू होतात. मात्र एखादा कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू करू नये, किंवा काही फेरफारांनी लागू करावा, असे राज्यपाल जाहीर करू शकतात. अक्राणी तालुका आज अशा क्षेत्रात मोडतो. 'लागू नाही, जोपर्यंत सांगितले नाही' आणि 'लागू आहे, जोपर्यंत सांगितले नाही', ह्या दोन वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत. परंतु पहिल्यात उंबरठ्याबाहेर ठेवलेला माणूस आहे, आणि दुसऱ्यात घरात असून ज्याच्या प्रकृतीप्रमाणे पथ्य ठरविता येते असा.

मेजर कँडी यांस हा पुढचा इतिहास पाहावयास मिळणे शक्य नव्हते. २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे त्यांचा अंत झाला. ज्या देशात कोवळ्या वयात ते आले होते, त्याच देशाच्या एका डोंगरमाथ्यावर त्यांनी देह ठेवला. त्यांचे कोश आजही अभ्यासक उघडतात. आणि त्यांनी रुजविलेली चिन्हे तर प्रत्येक मराठी मूल दररोज काढते.

ह्या चरित्रापासून पालकांनी व विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? आपल्या हाती जेव्हा एखादा कागद येतो, मग तो फीमाफीचा असो, परीक्षेतील विषयाच्या सुटीचा असो, कर्जाचा असो की जमिनीचा, तेव्हा त्यास चार प्रश्न विचारावे. सूट कोणास आहे? ती कशापासून आहे? किती काळ आहे? आणि ती देणारा कोण, म्हणजे ती परत घेण्याचा अधिकार कोणास आहे? ह्या चार प्रश्नांची उत्तरे कागदात सापडली, म्हणजे तो कागद समजला. एकही सापडले नाही, तर सही करण्यापूर्वी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी २००९ मध्ये जो शिक्षणाचा कायदा झाला, त्याच्या नावातच मोफत व सक्तीचे असे दोन शब्द शेजारी बसले आहेत. फीचे ओझे उतरविले; शिकण्याचे नाही. घरी शेळ्या राखावयाच्या आहेत, महू वेचावयाचा आहे, धाकटे भावंड सांभाळावयाचे आहे, ही कारणे खरी असतात व त्यांमागे कष्ट असतात. तरी ज्या मुलाला शिकण्यातून सूट मिळाली, त्याला ती सूट पुढे फार महाग पडते. इनामाचे कागद वाचता न आलेल्या माणसांचे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

टॉमस कँडी मराठी घेऊन जन्मास आले नव्हते. ती त्यांनी शास्त्र्यांच्या पायाशी बसून, शब्द शब्द पारखून मिळविली. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरची भाषा पावरी किंवा भिलोरी आहे. तुम्हीही मराठी अशीच कष्टाने मिळविता, आणि तिच्या पलीकडे इंग्रजी. मेजर कँडी यांनी इंग्रजी हुकुमातील माफी मराठीपर्यंत आणून सोडली. तेथून ती तुमच्या आजीच्या चुलीपर्यंत नेणारा कोश अजून छापावयाचा आहे. तो छापून येईपर्यंत, कागद हाती धरून घरच्या भाषेत त्याचा अर्थ सांगणारे मूल हेच त्या घराचा कोश होय. आणि त्या कामातून तुम्हांपैकी कोणासही माफी नाही.